तीन संग्रहालयांची एक ट्रॉली

एका कोंबडीमुळे मला ती ट्रॉली भेटली.

सत्तरच्या दशकातली, त्याच्या शेवटाकडची गोष्ट. मी नागपुरातल्या मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरात आई, आईच्या हातात स्थळांचे फोटो आणि कूलरची घरघर. यातून सुटका म्हणून मी सक्करदऱ्याच्या बाजूला एक खासगी संग्रहालय होतं, तिथे बिनपगारी कामाला जायचे. जुन्या वस्तूंखालच्या पाट्या पुसट झाल्या होत्या, त्या नव्याने रंगवायच्या. तिथलं माठातलं पाणी गार होतं आणि आई लांब होती, मला तेवढं पुष्कळ होतं.

तिथे आणखी एक बाई फुकट राबायच्या. त्यांना सगळे मावशी म्हणायचे. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकवाच्या, मुलं मार्गी लागलेली, यजमान मिलमधून रिटायर झालेले. "घरी दोघंच एकमेकाचं तोंड पाहून राहिलो," म्हणून त्या इथे जुनी लुगडी आणि शेले रफू करायला यायच्या. माळ्याच्या बायकोची कोंबडी अंडी कुठे घालते ते सापडत नव्हतं आणि मावशींनी त्याचा तपास अंगावर घेतला होता.

"पोरी, थ्या मागच्या शेडात जाऊन पाय न वं," त्या मला म्हणाल्या. "मले वाकता येत नाई."

मागची शेड म्हणजे मोडके पत्रे आणि वाळलेली बोगनवेल. मी काठीने वेल बाजूला केली तर आत लाकडाची एक खोली. खोलीला खिडक्या, खिडक्यांना कमानी, आत समोरासमोर बाकं. एका बाकावर कोंबडी बसलेली. मी तिला हुसकावायला बाकाच्या पाठीवर हात टेकला, तर पाठ खटकन उलटी झाली आणि कोंबडी माझ्या डोक्यावरून बाहेर. मी किंचाळले. मावशी धावत आल्या, आधी अंडी ओच्यात घेतली आणि मग म्हणाल्या, "माय वं! हे तं बसायची गाडी दिसते."

आमच्या अध्यक्षबाईंना विचारलं. त्या एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. छापील मराठी बोलायच्या आणि हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ते देणगीत आलेले एक लाकडी मखर असावे. त्यास हात लावू नये."

ते मखर नाही हे आम्हाला पुढच्याच रविवारी कळलं. संग्रहालय बघायला एक बँकेतले गृहस्थ आले होते. पुण्याहून बदली होऊन आलेले, तिशीचे, गोल चष्मा, उन्हात लालबुंद झालेले. रेल्वेच्या लोकांनी इतवारीच्या पलीकडे जुन्या सामानाचं एक छोटं संग्रहालय थाटलं होतं, तिथे ते सुट्टीच्या दिवशी कंदील पुसायला जायचे. मावशींनी त्यांना कौतुकाने मागची शेड दाखवली. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले ते हात जोडून.

"अहो, ही खाणीची ट्रॉली आहे! मँगनीजच्या खाणीत साहेब लोकांना फिरवायला रुळांवरून ढकलत न्यायचे, ती! आमच्याकडे हिचा ब्रेक आहे, घंटा आहे. आम्ही त्यांच्याखाली 'उपयोग अज्ञात' अशी चिठ्ठी लावलीये!"

"आनि चाकं?" मावशींनी विचारलं.

बँकवाल्यांनी चष्मा काढला. "चाकंही मी पाहिलीत. कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयात. त्यांच्यावर एक दगड ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या कॉलेजात हजर. संग्रहालय सांभाळणारे प्राध्यापक हडकुळे, उंच, बोलायला अगदी गोड. आम्ही त्यांना लगेच दगडवाले सर करून टाकलं. चाकांच्या सांगाड्यावर मँगनीजचा काळा, चकाकणारा, चांगला गुडघ्याएवढा दगड विराजमान होता. सरांनी आम्हाला चहा पाजला, दगडाचं वय सांगितलं, आणि म्हणाले, "चाकं न्या. पण एक अट आहे."

"बोला."

"गाडी पहिल्यांदा धावन, तवा हा दगड तिच्यात बसन. हा त्याच खाणीतला आहे. त्याचा पहिला मान."

आम्हाला वाटलं, ते गंमत करताहेत. ते अजिबात गंमत करत नव्हते.

अध्यक्षबाईंची परवानगी मावशींनी आणली. काय सांगितलं ते त्यांनी कधी उघड केलं नाही. मला एवढंच ऐकू आलं, की बाकी दोन्ही संग्रहालयं तयार आहेत आणि आपणच मागे राहिलो तर गावात काय दिसेल. मला दाट शंका आहे, की बाकीच्या दोन्ही ठिकाणीही हेच वाक्य आधी बोलून झालं होतं.

मग सुरू झाला आमचा खरा उन्हाळा. सकाळी ऊन चढायच्या आत जमायचं. मावशी डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी आणायच्या, सर येताना तर्रीपोहे बांधून आणायचे आणि बँकवाले तर्रीचा पहिला घास घेऊन रोज रडायचे. "पुनेकर, पानी प्या न गा," मावशी म्हणायच्या, आणि पाण्याऐवजी अजून थोडी तर्री वाढायच्या. बँकेत साहेबाच्या खुर्चीत बसणारा हा माणूस आमच्याकडे बनियनवर, डोक्याला उपरणं गुंडाळून, सुतारासारखा रंधा मारायचा. सरांच्या हातात तेलाची कुपी. जे जे हलत नाही, त्याला तेल पाजायचं, हा त्यांचा धर्म. बिजागऱ्या, खिडक्यांच्या पट्ट्या, बाकांचे सांधे. एकदा त्यांनी मावशींच्या सायकलरिक्षाच्या चाकांनाही तेल घातलं आणि रिक्षावाला खूश होऊन आमच्याकडे पोहे खायला थांबला.

रंगावरून मात्र जुंपली. आमच्या संग्रहालयाचं म्हणणं हिरवा. रेल्वेवाल्यांचं म्हणणं तपकिरी, कारण सगळ्या गाड्या तपकिरीच असतात. सर म्हणाले, आपण त्या खाणीच्या गावातच जाऊन विचारू. एसटीने रामटेकच्या बाजूला गेलो. पारावर दोन म्हातारे बसले होते. एकाने शपथेवर सांगितलं, गाडी पांढरी होती. दुसरा म्हणाला, "पांढरी तं साहेबाची घोडी होती. गाडी लाल." त्यांची तिथेच खडाजंगी सुरू झाली. शेजारी निंबाच्या सावलीत एक आजी चिंचा फोडत होत्या, त्यांना विचारलं.

"मी बसली होती त्या गाडीत, लहानी असताना," आजी म्हणाल्या. "साहेब नव्हता तवा आमी पोट्ट्या चोरून बसलो होतो."

"मग रंग कोणता होता, आजी?"

"बाप्पा! गाडीत बसल्यावर रंग कोन पायते?"

परत येताना एसटीत आम्ही हेच वाक्य एकमेकांना ऐकवत इतके हसलो, की कंडक्टरने मागे वळून विचारलं, कुठल्या लग्नाहून येऊन राहिले का.

शेवटी मी ब्लेड घेऊन दाराचा कोपरा खरवडला. चुन्याचे थर, मग तपकिरी, मग हिरवट काहीतरी आणि सगळ्यांत खाली लाकडाला चिकटून बसलेला निळा. मोरपिशी नाही, आकाशी नाही, शाईच्या दौतीसारखा गडद निळा. कुणीच न सांगितलेला. मी तो रंग डब्यात मिसळून मिसळून जमवला. जमला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत निळे होते आणि त्याच दिवशी घरी मला बघायला मुलगा येणार होता. आई कपाळावर हात मारून बसली. मुलाच्या आईने चहाचा कप घेताना माझ्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "मुलीला काही आजार आहे का?" मला जे हसू फुटलं ते थांबेचना. ते स्थळ गेलं.

ट्रॉलीचा डबा रंगवून तयार झाला, आता तो रेल्वेवाल्यांच्या आवारात न्यायचा होता. चाकं सरांनी ट्रकमधून आधीच पोचवली होती, तिथे ती शेडमध्ये आडवी पडून होती. रूळही तिथेच. जुन्या छोट्या गाडीच्या मार्गाचा एक तुकडा, आवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. डब्यासाठी मावशींनी ओळखीतून लाकडं वाहायची एक लांब बैलबंडी मिळवली. ऊन उतरल्यावर निघालो. बंडीवर डबा, पुढे बंडीवाला, बाजूने चालणारे आम्ही चौघं. दुकानांतून लोक बाहेर येऊन विचारत होते, "काय आहे गा हे?" मावशी प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होत्या. एकाला म्हणाल्या फिरतं देऊळ, एकाला म्हणाल्या दिल्लीहून आलेला नवा दवाखाना.

महालाच्या एका वळणावर आम्ही अडकलो. पुढे वरात होती. बँड जोरात, पण वरात जागची हलेना. नवरदेवाची घोडी भर रस्त्यात पाय रोवून उभी राहिली होती. तिला गूळ दिला, चाबूक दाखवला, बँड बंद करून पाहिला, शेवटी घोडीवाल्याने तिची माफीसुद्धा मागितली. घोडी ढिम्म. नवरदेव वर मुंडावळ्या बांधून घामाने भिजून गेलेला. आमचे बैल तिच्या मागे येऊन उभे राहिले, तसा तिने मागे वळून निळा डबा पाहिला, अंग थरथरवलं आणि नवरदेवाला अलगद खाली उतरवून गल्लीत निघून गेली.

सगळे आमच्याकडे बघायला लागले.

नवरदेवाचा मामा धावत आला. मिशीवाला, फेट्याचा शेमला खांद्यावरून लोंबतोय. "बाई, तुमच्या या गाडीनं घोडी पळवली. आता गोरज मुहूर्त जाऊन राहिला!"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मंग बसवा न नवरदेवाले यात. घोडीवर एकटा बसला असता, इथं करवलीही बसन."

मामाने डब्याकडे पाहिलं. कमानीच्या खिडक्या, पितळी कड्या, नवाकोरा रंग. त्याचा चेहरा उजळला. "बँड!" तो ओरडला.

पुढचं मला अजूनही खरं वाटत नाही. नवरदेव आणि दोन करवल्या ट्रॉलीत चढले. सरांनी शिडी धरली. बँकवाले घाबरून म्हणत होते, "अहो, ती ऐतिहासिक वस्तू आहे, जपून!" पण त्यांना कोण ऐकणार, वरातीतल्या पोरांनी त्यांना मध्ये ओढून नाचायला लावलं होतं. पुण्याचे बँकवाले, दोन्ही हात वर, चष्मा एका कानावर, महालाच्या रस्त्यात नाचत होते. मीही नाचले. मावशी तर बंडीच्या पुढे, पदर खोचून, जणू त्यांच्याच घरचं लग्न. खिडक्यांतून, गच्च्यांवरून लोक बघत होते आणि असा नवरदेव त्यांनी आधी कधी पाहिला नव्हता, हे त्यांच्या ओरडण्यावरून कळत होतं.

कार्यालयाच्या दारात मुलीकडचे ओवाळायला उभे होते. नवरदेव खाली उतरला, वळला, आणि मुलीच्या काकूच्या हातातलं ताट डगमगलं. पांढऱ्या शेरवानीच्या पाठीवर खिडकीच्या कमानीचा अख्खा निळा ठसा उमटला होता. रंग वाळलाय, असं आम्ही समजत होतो.

मी डोळे मिटून घेतले. पण नवरी आतून डोकावली, तिने तो ठसा पाहिला आणि ती तोंडावर हात धरून अशी खुदुखुदू हसायला लागली, की मग नवरदेवही हसला आणि रागवायला आलेला सासराही. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वडाभात, त्यावर हिंगाची फोडणी, मठ्ठा, बुंदी. बैलांनाही बुंदी मिळाली.

डबा नीट पोचला. पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून तो चाकांवर चढवला, ब्रेक जोडला, घंटा टांगली. रेल्वेचे दहाबारा लोक मदतीला आले होते. सगळ्यांनी "हो, हो, हो" करत गाडी उचलून रुळांवर ठेवली. म्हणजे ठेवायला गेलो. एका बाजूची चाकं रुळावर बसली, दुसऱ्या बाजूची हवेतच, रुळाच्या बरीच आत.

बँकवाल्यांनी मोजायची टेप लावली. चाकांमधलं अंतर दोन फूट, रुळांमधलं अडीच.

"कोणी मोजलं नव्हतं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मले वाटलं रेल्वेवाल्यांनी मोजलं," सर म्हणाले.

"आम्हाले वाटलं प्रोफेसर लोक मोजतेत," रेल्वेवाले म्हणाले.

मावशी मटकन रुळांखालच्या स्लीपरवर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मी जवळ गेले तर त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. "तीन तीन संग्रहालयं," त्यांना कसंबसं बोलता आलं, "आनि एक टेप नाई वं!" मग सगळे तिथेच, गाडी अर्धी हवेत आणि आम्ही भुईवर, पोट धरून.

हसून झाल्यावर उपाय साधाच निघाला. एक रूळ सहा इंच आत सरकवायचा. खिळे उपटायचे, रूळ हलवायचा, पुन्हा खिळे ठोकायचे. दोन रविवार त्यात गेले. रेल्वेवाले लोखंडी सब्बल मारत, सर खिळ्यांना तेल पाजत, मी आणि मावशी दोरी धरून रूळ ओढत. त्या ओढताना तालात ओरडायच्या, "ओढ रे राजा! वडाभात खाल्ला न!" आणि सगळे त्यांच्या मागोमाग तेच.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी तिन्ही संग्रहालयांच्या प्रमुखांना बोलावलं. आमच्या अध्यक्षबाई इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. कॉलेजचे प्राचार्य कोटात. रेल्वेवाल्यांचे सचिव हारात, कारण हार जास्तीचा होता. तिघांनाही पुढचं बाक हवं होतं. बँकवाल्यांनी बाकाची पाठ उलटी करून दाखवली आणि पटवलं, की या गाडीत दोन्ही बाजू पुढच्याच असतात. मधल्या बाकावर सरांचा दगड, त्यालाही हार. ब्रेकवर बँकवाले. मावशींनी घंटेची दोरी धरली. मी खिडकीशी.

आवाराला किंचित उतार होता. शेवटी वाळूचा ढिगारा टाकून ठेवला होता. रेल्वेवाल्यांनी मागून हलकेच ढकललं. गाडी निघाली. चाकांचा खडखड आवाज, खिडकीतून वारा, मावशींची घंटा ठणाण ठणाण. काय सांगू! वाटलं, अशीच रामटेकपर्यंत जावी.

मग ती वेग घ्यायला लागली.

"ब्रेक लावा," प्राचार्य म्हणाले.

"लावलाय!" बँकवाले ब्रेकचं चाक फिरवत ओरडले. "अहो, लावलाय! धरत नाहीये!"

दगडवाले सर गाडीबरोबर धावत होते. धावता धावता त्यांचा चेहरा एकदम पडला. "ब्रेकच्या लाकडालेही तेल घातलं गा मी!"

दगडाच्या वजनाने गाडी आणखी जोरात. सचिवांचा हार तोंडावर, प्राचार्य दगडाला मिठी मारून बसलेले, मावशी घंटा वाजवत ओरडताहेत, "सरका! सरका!" समोर सरकायला कुणीच नव्हतं. आणि मग धप्प. गाडी वाळूत तोंड खुपसून थांबली. आम्ही सगळे अंगभर वाळू घेऊन, पण जागच्या जागी, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

बँकवाले पांढरेफटक. सगळ्यांचं लक्ष अध्यक्षबाईंकडे. त्यांचा अंबाडा सुटला होता, केसांत वाळू होती. त्यांनी आधी साडीवरची वाळू झटकली, मग मागे ढकलणाऱ्यांकडे वळून बघितलं.

"पाहून काय राहिले?" त्या ओरडल्या. "मांगं घ्या न गा! अजून एक डाव!"

त्या छापील मराठीच्या बाई वरच्या पट्टीत नागपुरी बोलत होत्या आणि हसत होत्या. आम्ही ब्रेकची लाकडं राख चोळून कोरडी केली आणि दुपार कलेपर्यंत गाडी वर न्यायची, खाली सोडायची, असं चाललं. मग शेजारच्या चाळीतली माणसं आली, ती बसली. रेल्वेवाल्यांच्या बायका आल्या, त्या बसल्या. सरांनी दगड उतरवला आणि त्या जागी स्वतः बसून तीन फेऱ्या मारल्या.

गाडी कोणाची, हा प्रश्न नंतर तिन्ही संग्रहालयांत वर्षभर चघळला गेला आणि तोवर ती रेल्वेवाल्यांच्याच आवारात राहिली, म्हणून शेवटी तिथलीच झाली. शेजारी तशाच आणखी एका ट्रॉलीचा सांगाडा आणला, त्याचं काम पुढची दोन वर्षं चाललं. बँकवाल्यांची बदली झाली, जाताना ते सांबारवडीचा डबा घेऊन गेले. मावशी आणि अध्यक्षबाई मात्र पक्क्या मैत्रिणी झाल्या, दोघी मिळून दर रविवारी पितळ पुसायला जायच्या.

त्या फेऱ्यांच्या दुसऱ्याच दिवशी शाळा उघडली. ओरडून ओरडून माझा आवाज पार बसला होता. वर्गात सगळ्या मुली टवटवीत चेहऱ्यांनी माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं तर नुसती हवा. मोठ्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "सुट्टीत एवढं काय केलंत?" मला काही सांगता येईना, म्हणून मी खडू उचलला आणि फळ्यावर गाडी काढायला घेतली, आधी चाकं, मग खिडक्या, मग आत बसलेली माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी.